पोथीच्या पानांतील वर्णत्रयी

हस्तलिखितांच्या वर्णनात्मक याद्या चाळितांना एक उणीव पुनःपुन्हां नजरेस येते. पत्रसंख्या, लांबीरुंदी, ओळी, लिपि, लेखनकाल हें सर्व सूचिकार दक्षतेनें नोंदवितात. रंगांचा प्रश्न आला कीं मात्र ‘काळी व तांबडी शाई’ एवढ्यावर काम उरकतात. पिवळ्या ठिपक्यांचा उल्लेख झालाच, तर तो डाग म्हणून. वस्तुतः काळा, तांबडा व पिवळा यांची पोथींतील मांडणी ही विचारानें सिद्ध झालेली व्यवस्था आहे. तीन रंग एकत्र कसे नांदवावे, याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचितच सांपडेल, असें आमचें मत आहे.

प्रथम त्यांचीं कामें पाहूं. काजळ व डिंक यांच्या काळ्या शाईकडे ग्रंथाचें वहन. हिंगुळाच्या तांबड्याकडे विभाग दाखविणें: समासाच्या दुहेरी रेघा, दंड, ‘उवाच’, अध्यायसमाप्तीची पुष्पिका. हरताळाच्या पिवळ्याकडे शोधन: चुकलेल्या अक्षरावर लेप देऊन त्यावरच शुद्ध अक्षर लिहावयाचें. ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार लेखकांच्या याच कृतीचें स्मारक होय. एकाचें काम दुसरा करीत नाहीं, म्हणून एकाची दुसऱ्याशीं स्पर्धाही होत नाहीं.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. नाट्यशास्त्रांत आहार्याभिनयाच्या प्रकरणीं भरतानें श्वेत, पीत, रक्त व नील हे मूळ वर्ण मानून त्यांच्या मिश्रणाचे नियम दिले आहेत. बलवान् वर्णाचा एक भाग, तर दुर्बलाचे दोन घ्यावे. नील सर्वांत बलवान्, म्हणून त्याचा एक भाग व इतरांचे चार, असें तो सांगतो. हा नियम नटांच्या अंगरचनेसाठीं रंग कालविण्याचा आहे हें खरें. तथापि रंग शेजारीं शेजारीं मांडतांनाही त्याचें मर्म लागू पडतें. कोणता रंग डोळ्यास अधिक ओढतो हें आधीं ठरवावें, आणि त्यालाच कमी जागा द्यावी. पोथींत हिंगुळ सर्वांत बोलका, म्हणून तो मोजकाच. काळा पानभर पसरतो, पण तो शांत. पिवळा चुकीपुरताच.

यावर कोणी म्हणेल कीं ही केवळ सोय आहे, यांत सौंदर्यदृष्टि कोठली? आमचें उत्तर असें कीं येथील शोभा सोयींतूनच उत्पन्न झाली आहे. आणि सोय सुटली कीं शोभेचें काय होतें, हें पश्चिम भारतांतील जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांत पाहावें. ताडपत्रांवरील जुन्या चित्रांत तांबडी पार्श्वभूमि व पिवळ्या आकृति आहेत. पुढें कागदावरील पोथ्यांत लाजवर्दी निळा व सोनें यांचा प्रवेश झाला. चित्रांपुरतें बोलावयाचें तर तांबडा, निळा व सोनेरी ही त्रयी प्रभावी आहे. तांबडें मैदान दोघांनाही सांवरून धरतें. परंतु दात्यांच्या पुण्येच्छेबरोबर सोनें चित्रांतून अक्षरांत उतरलें. जौनपूर येथें १४६५ मध्यें लिहिलेलें सुवर्णाक्षरी कल्पसूत्र प्रसिद्धच आहे. १४७५ च्या सुमारास झालेल्या व अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारांतील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतींत तर समासही नर्तक-वादकांच्या आकृतींनीं भरून गेले आहेत. त्या कारागिरीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण सगळींच अक्षरें सोन्याचीं झालीं म्हणजे कोणतेंच उठून दिसत नाहीं, आणि डोळ्यास विसांवा उरत नाहीं. पान पाहण्याजोगें होतें. वाचण्याजोगें राहत नाहीं. साध्या पोथीचा अनाम लेखक या बाबतींत धनिकाच्या चित्रकारापेक्षां अधिक जाणता ठरतो.

हा वाद केवळ रुचीचा नाहीं. कृष्णधवल मायक्रोफिल्मवर हिंगुळाचीं अक्षरें काळ्यांत मिसळून जातात व हरताळाचा लेप ओळखूं येईनासा होतो. अशा छायेवरून पाठ ठरविणाऱ्यास लेखकानें रद्द केलेलें अक्षर कोणतें, हें कळावें कसें? लेपाखालचें अशुद्ध अक्षर मूळ प्रतीचा माग देतें. म्हणून ‘स्वच्छते’च्या नांवाखालीं हरताळ खरवडणारा संग्राहक डाग नव्हे, पुरावा पुसतो. गेरू व हिंगुळ यांतही घोंटाळा होतो. शब्दावर चोळलेल्या गेरूंतून खालचें काळें अक्षर दिसतें, तर हिंगुळानें अक्षरच लिहिलेलें असतें. पहिली खूण वाचकानें मागाहून केलेली असूं शकते. दुसरी बहुधा लेखकाची.

आमची सूचना एवढीच. यादींत रंगांचें द्रव्य, स्थान व काम हीं तीन निरनिराळीं नोंदवावीं. छायाचित्रें रंगीतच घ्यावीं. पानें उजेडांत उघडीं ठेवूं नयेत, कारण प्रकाशानें हिंगुळ काळवंडतो व हरताळ फिका पडतो. शिवाय हरताळ सोमलाच्या जातीचा विषारी पदार्थ आहे. बोट जिभेला लावून पान उलटण्याची संवय असेल, तर ती अवश्य सोडावी. ज्या भाषेंत ‘वर्ण’ म्हणजे अक्षर आणि रंगही, त्या भाषेच्या अभ्यासकांनीं पोथी वाचतांना दोन्ही वाचावे, हें उचित होय.