‘निर्वंश’ शाखेतली माणसे

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापून निघाला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. जाड पुठ्ठ्याची बांधणी, आत घड्या घालून चिकटवलेले वंशवृक्षाचे तक्ते आणि शेवटी दोन पानांचे शुद्धिपत्र. वडिलांनी ती प्रत फडताळात पोथ्यांच्या शेजारी ठेवली होती, त्यामुळे लहानपणी मला तीही पोथीच वाटायची. तिच्या चौथ्या तक्त्यावर माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचे नाव आहे. नावाखाली ‘इंदूर येथे होळकर सरकारच्या नोकरीत’ असे लिहून पुढे कंसात ‘निर्वंश’ छापले आहे. रेघ तिथे थांबते.

चार वर्षांपूर्वी इंदूरच्या एका बाईंनी, आमच्या आडनावाच्या मंडळींचा फेसबुकवर जो समूह आहे त्यावर, एका मोडी पत्राचे छायाचित्र टाकले. आजीच्या पितळी डब्यात सापडलेले पत्र होते. कुणी वाचून देईल का, एवढेच त्यांनी विचारले होते. मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस. मोडी शिकलो ते रविवारच्या सकाळी, एका निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर बसून. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण हस्ताक्षर पाहिले आणि हात थांबला, कारण त्याच वळणाची पत्रे आमच्या घरात आहेत. ते माझ्या पणजोबांनी धाकट्या भावाला लिहिलेले पत्र होते. पौष वद्यातले, शके १८३९चे. प्रकृतीची चौकशी, गावच्या जमिनीच्या वाटणीचा एक तिढा, आणि शेवटच्या ओळीत दोघी मुलींना आशीर्वाद.

म्हणजे त्यांना मुली होत्या. पणजोबांना ते ठाऊक होते, एवढेच नव्हे तर पत्रापत्रांतून त्या मुलींना आशीर्वाद जात होते. पुढे चाळीस वर्षांनी पणजोबांच्याच घरातल्या कागदांवरून ज्यांनी तक्ता तयार केला, त्यांनी ‘निर्वंश’ लिहिले. मी आधी ही चूक समजलो. नंतर लक्षात आले की संपादकांच्या लेखी ती चूक नव्हतीच. वंश म्हणजे मुलगा, ही व्याख्या धरली की तो शब्द अगदी बरोबर आहे.

कुलवृत्तान्त हा मराठीतला स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, असे मी मानतो. त्याच्याकडे कुणी समीक्षक फारसे वळले नाहीत. त्याला घरगुती, हौशी म्हणून सोडून दिले गेले. पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला, १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, आणि वाड्यांच्या माळ्यावरचे रुमाल सोडून पाहण्याची एक लाटच आली. रियासतकार सरदेसायांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी जुळवल्या. ज्यांच्या घराण्यात सरदार नव्हते त्यांनाही वाटू लागले की आपलाही इतिहास असावा. कुलवृत्तान्ताचा जन्म या उमेदीतून झाला, आणि ही उमेद मला आजही आदराची वाटते. सामान्य माणसाने आपल्या पणजोबाचे नाव छापावे, यात एक धिटाई होती.

मात्र या धिटाईने साचा घेतला तो सरदार घराण्यांचा. सरदारकीला वारस लागतो. म्हणून वंशवृक्षात वारसाची रेघ. ज्या कारकुनाच्या, भिक्षुकाच्या, शाळामास्तराच्या घरी वारसाने घेण्यासारखे दोन तांबे आणि एक पंचांग होते, त्याच्या तक्त्यातही तीच रेघ ओढली गेली. पहिल्या प्रकरणात गोत्र, प्रवर, कुलदैवत आणि सह्याद्रिखंडाचा हवाला, दुसऱ्यात मूळ गाव आणि तिथून झालेले स्थलांतर, मग व्यक्तिपरिचय. या परिचयांतही कुणाला दीड पान आणि कुणाला दीड ओळ. आमच्या प्रतीत मी एकदा शेवटची देणगीदारांची यादी समोर ठेवून हे परिचय मोजले. दीड पानवाले जवळजवळ सगळे त्या यादीत सापडले. यात संपादकांची लबाडी होती असे नाही. छपाईचा खर्च कुणीतरी द्यायचा होता. पण कुलवृत्तान्त वाचताना शेवटचे पान आधी उघडावे, हे मी त्यातून शिकलो.

बायका या पुस्तकांत येतात, पण पाहुण्यासारख्या. सून येते ती सासरच्या नावाने. कंसात माहेरचे आडनाव. तिच्या माहेरचे नाव बहुधा नसतेच. मुलगी येते ती जावयाच्या आडनावासह, आणि तिथून तिची रेघ दुसऱ्या पुस्तकात जायची असते. त्या दुसऱ्या घराण्याने पुस्तक काढले नसेल तर ती रेघ कुठेच जात नाही. दत्तक गेलेल्या मुलाचेही तेच. मराठी माणसाची निम्मी नाती अशी दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत पडलेली आहेत.

गंमत अशी की, ज्या धर्माचे नाव घेऊन हे सगळे चालते, त्याच्या विधीत ही फट इतकी रुंद नाही. भाद्रपदातल्या महालय श्राद्धात तर्पण कुणाकुणाला होते ते पाहा. बाप-आजा-पणजा येतात, तशीच आई-आजी-पणजी येतात. आईचे वडील, आजोबा, पणजोबा येतात. मामा येतो, मुलगी येते, बहीण, आत्या, मावशी येतात, सासरा येतो, गुरू आणि आप्तही येतात. मुलगा नसलेल्याचे श्राद्ध दौहित्राने, म्हणजे मुलीच्या मुलाने करावे, याला शास्त्राची संमती आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड नाते मोजताना वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या धरल्या. कमी का होईना, आईची बाजू मोजली. दर्भाचे पाणी जिथवर पोचत होते तिथवर छापखान्याची शाई पोचली नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते.

आता इंटरनेटवरच्या वंशवृक्षाकडे येतो. त्याचा मोठा गुण असा की त्याला पाने संपत नाहीत. मुलीची रेघ पुढे न्यायला कुणाची परवानगी लागत नाही, देणगीही लागत नाही. इंदूरच्या बाईंच्या भाच्याने असा एक वृक्ष केलेला होता. मी तो उघडला तेव्हा छापील तक्ता चाळताना कधी वाटले नव्हते असे काहीतरी वाटले. फांद्या दोन्हीकडे वाढत होत्या. पण त्याच वृक्षामुळे आमचे नाते जवळजवळ सात महिने अडून राहिले, ते सांगितलेच पाहिजे.

त्यात आमच्या या पूर्वजांचा मृत्यू १९१७ साली दाखवलेला होता. पणजोबांचे पत्र तर मी १९१८च्या जानेवारी-फेब्रुवारीतले म्हणत होतो. मेलेल्या माणसाच्या प्रकृतीची चौकशी कोण करील? तेव्हा तुमचे ते आणि आमचे हे वेगळे, असे इंदूरकरांनी सौजन्याने कळवले. घोळ शकाचा होता. त्यांच्या घरच्या टिपणात ‘माघ, शके १८३९’ असे होते आणि भाच्याने त्यात ७८ मिळवले. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर. पण इंग्रजी वर्ष पौषाच्या सुमारास उलटते, तेव्हा तिथून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी शके १६८२ची. ७८ मिळवले तर ती १७६०मध्ये जाते, आणि ती झाली १४ जानेवारी १७६१ला. शाळेतल्या मुलालाही ठाऊक असलेली ही तारीख ज्या हिशेबाने चुकते, त्या हिशेबाने किती आजोबा एकेक वर्ष आधी मेले असतील!

दुसरा घोळ नावांचा. लग्नात मुलीचे आडनाव बदलते हे त्या परदेशी बनावटीच्या रकान्यांना माहीत आहे. तिचे पाळण्यातले नावही तांदळाच्या ताटात बदलते, हे त्यांना माहीत नाही. त्यामुळे पणजोबांच्या पत्रातली माहेरच्या नावाची थोरली मुलगी आणि इंदूरला सासरच्या नावाने ओळखली जाणारी थोरली मुलगी अशा दोन बायका उभ्या राहिल्या. दोघींच्या तिघी झाल्या. याउलट आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. बाळाजी विश्वनाथांचे नाव त्यांच्या नातवाला, नानासाहेब पेशव्यांना, ठेवलेले होते. इतक्या प्रसिद्ध घरात घोटाळा होत नाही. आमच्यासारख्यांच्या घरात मात्र आजा आणि नातू मिळून एकच माणूस तयार होतो, आणि ‘जुळणी सापडली’ म्हणून यंत्र आनंद व्यक्त करते. एका घरातली अशी चूक दुसरा उचलतो, तिसरा दुसऱ्याचा पुरावा म्हणून पहिल्याला दाखवतो. छापील पुस्तकाला निदान शुद्धिपत्र तरी होते.

हे भांडण मिटले नाशकात. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वी दोनदा मी शोध घेतला होता आणि दोन्ही वेळा हात हलवत परतलो होतो. कारण मी आमच्या गावाच्या आणि आमच्या आडनावाच्या पानांतच शोधत होतो. माझ्याही डोक्यात तोच तक्ता होता ना! इंदूरच्या बाईंकडून थोरल्या जावयाचे आडनाव आणि मूळ गाव कळल्यावर त्या घराण्याचे उपाध्याय वेगळे निघाले, त्यांची वही वेगळी निघाली. गुरुजींनी कापडातून ती सोडली. पान सापडायला अर्धा तासही लागला नाही. शके १८३९च्या माघात अकरा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर मातामहांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आला होता. मातामहांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आमचे गाव, सगळे तिथे होते. मजकूर वडिलांच्या हातचा. खाली मुलाने स्वतःची सही केली होती, बाळबोध, मोठ्या अक्षरांत, ओळीबाहेर गेलेली.

मी ते पान वाचून दाखवत होतो तेव्हा इंदूरच्या बाई फोनवर होत्या. तो मुलगा म्हणजे त्यांच्या आजीचा थोरला भाऊ. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मामाआजोबांनी आम्हाला हे कधीच सांगितलं नाही हो, दादा.” तेव्हापासून मी त्यांचा दादा आहे, वयाने त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या असूनही.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. माझ्या हातात चिकित्सा करायला निदान एक कुलवृत्तान्त होता. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांपाशी तो नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी दारात येऊन यजमानाची वंशावळ सांगतात, धान्य घेतात आणि नव्या जन्मांची नोंद करून पुढे जातात. ती माणसेही आता विरळ होत चालली. बाकीच्यांना पणजोबा भेटतो तो गाव नमुना १४च्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात किंवा फेरफारात. आणि तोही बहुधा जातीच्या दाखल्यासाठी शोधावा लागतो. इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. २०२३नंतर कुणबी नोंदींसाठी तर तालुक्या-तालुक्यात मोडी वाचणाऱ्यांना शोधत लोक फिरले, माझ्याकडेही आले. एरवी वंशावळीला नाक मुरडणारे तरुण रात्री अकराला मोबाइलवर पणजोबांच्या नावाचे छायाचित्र पाठवत होते. पण तिथेही पुरावा चालतो तो वडिलांकडच्या रक्तनात्यातला. एका मुलीने तिच्या आईच्या आजोबांची स्वच्छ, निःसंदिग्ध नोंद मला आणून दाखवली. वाचून दिली. तिच्या कामाची नव्हती.

तेव्हा कुलवृत्तान्त, सरकारी वंशावळ आणि इंटरनेटवरचा वृक्ष यांतला कुठलाही कागद मी आता एकटा वाचत नाही. तो कुणी, कशासाठी आणि कुणाच्या पैशाने केला, हे आधी विचारतो. उपाध्यायांची वही दक्षिणेसाठी होती, म्हणून जो आला त्याचे नाव तिच्यात आले, मग तो मुलगा असो की मुलीचा मुलगा. तिला आमच्या वंशाच्या शुद्धतेशी कर्तव्य नव्हते. म्हणूनच ती माझ्या कामी आली.

आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढायचे घाटत आहे. मी समितीकडे इंदूरच्या शाखेचा तक्ता पाठवला. दोन मुलींपासून आजवर हयात असलेली ४३ माणसे, इंदूर, देवास, पुणे आणि दोन घरे अमेरिकेत. सोबत वहीतल्या पानाचे छायाचित्र जोडले. उत्तर आले की माहिती मोलाची आहे, परिशिष्टात अवश्य घेऊ. मुख्य तक्त्यात मात्र आडनाव बदलत असल्यामुळे घेता येणार नाही. मी परत लिहिले आहे की परिशिष्टात घ्यायचे तर घ्या, पण चौथ्या तक्त्यावरचा तो कंस आधी काढा. समितीची बैठक भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. इंदूरच्या बाई त्याआधी चार दिवस आमच्याकडे यायच्या आहेत, ओवाळायला; बैठकीलाही बसणार म्हणतात.