पुनर्विवाह आणि पुनर्दर्शन : घरच्या पडद्यावरील स्क्रूबॉल सुखात्मिका

हास्याला प्रतिध्वनीची गरज असते, हे आंरी बर्गसाँ यांचे १९०० मधील प्रतिपादन सुखात्मिकेच्या मीमांसेत जवळजवळ गृहीतकासारखे वापरले गेले आहे. हसणे हे नेहमी एखाद्या गटाचे हसणे असते. नाट्यगृह जितके भरलेले, तितके प्रेक्षकांचे हसू अनावर, असे त्यांचे निरीक्षण. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे जे दोन प्रकार सांगितले, त्यांच्या मुळाशीही हास्य एका व्यक्तीपाशी थांबत नाही ही जाणीव दिसते. हे मान्य केले की एक अडचण उभी राहते. साधारण १९३४ ते १९४२ या काळात हॉलिवूडमध्ये निर्माण झालेल्या ज्या चित्रपटांना ‘स्क्रूबॉल कॉमेडी’ म्हटले जाते, त्यांच्या आजच्या जाणकारांपैकी बहुसंख्यांनी ते भरलेल्या चित्रगृहात पाहिलेलेच नाहीत. आधी व्हिडिओ कॅसेट, मग लेसरडिस्क, पुढे डीव्हीडी अशा मार्गांनी ते घरात आले आणि बहुधा एकट्याने, रात्री उशिरा, पुन्हा पुन्हा पाहिले गेले. या प्रेक्षकाच्या हसण्याला प्रतिध्वनी कोठला? आणि तो नसेल, तर हा प्रेक्षक ज्याचा आस्वाद घेतो ती कृती १९३८ च्या प्रेक्षकाने पाहिलेलीच कृती आहे, असे कोणत्या अर्थाने म्हणता येईल?

संज्ञेबद्दल थोडेसे. स्क्रूबॉल हा बेसबॉलमधला एक चेंडू. नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेला वळणारा. क्रिकेटवर पोसलेल्या मराठी वाचकाला गुगली म्हटल्यावर अधिक सांगावे लागू नये. ज्या १९३४ मध्ये कार्ल हबेल या गोलंदाजाने याच अस्त्राच्या बळावर बेसबॉलचे पाच नामवंत फलंदाज ओळीने बाद केले, त्याच वर्षी फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ आणि हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ट्वेन्टिएथ सेंच्युरी’ प्रदर्शित झाले. पहिल्याची कथा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) या रूपांतरांमुळे मराठी प्रेक्षकाच्याही परिचयाची आहे. मात्र गाण्यांच्या विसाव्यांमुळे मूळ कृतीची गती त्या रूपांतरांत उरत नाही, आणि गती हाच तर या प्रकाराचा प्राण.

घरच्या पडद्याला हे चित्रपट मानवले, यामागे एक अगदी भौतिक कारणही आहे. त्यांची चौकट १.३७ : १ या प्रमाणाची, तर जुन्या दूरचित्रवाणी संचाची १.३३ : १. १९५३ नंतरच्या सिनेमास्कोप चित्रपटांना त्या संचात शिरताना कडा कापून घ्याव्या लागल्या. या सुखात्मिकांना फारसे काही गमवावे लागले नाही. त्यांतले नाट्यही बव्हंशी दोन माणसे, एक दार आणि अखंड बोलणे यांत मावणारे आहे. तरीही त्यांच्या पुनर्मूल्यांकनाचे सगळे श्रेय चित्रफितीला देणे चूक ठरेल. प्रदर्शनाच्या वेळी अपयशी ठरलेल्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’ची (१९३८) प्रतिष्ठा दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणांनी आणि हॉक्स यांना गंभीरपणे घेणाऱ्या फ्रेंच समीक्षकांनी आधीच सावरली होती, पीटर बॉग्डॅनोविच यांनी १९७२ मध्ये ‘व्हॉट्स अप, डॉक?’ काढून तिला जाहीर मानवंदनाही दिली होती. चित्रफितीने जे केले ते निराळे आहे. तिने प्रेक्षकाच्या हाती थांबवण्याची आणि मागे नेण्याची सत्ता दिली.

या सत्तेचा खरा कस ‘हिज गर्ल फ्रायडे’त (१९४०) लागतो. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांच्या १९२८ च्या नाटकातील हिल्डी हा पुरुष वार्ताहर हॉक्स यांनी स्त्री केला, तिला संपादक वॉल्टरची घटस्फोटित पत्नी केले, आणि पात्रांना एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लावले. अर्थ हरवू नये म्हणून वाक्यांच्या आरंभी व शेवटी अनावश्यक शब्दांची भर घालण्याची हॉक्स यांची युक्ती प्रसिद्ध आहे. भरल्या चित्रगृहात एका विनोदाच्या हशात पुढचे दोन विनोद बुडून जातात. घरी ते सापडतात. वॉल्टर हिल्डीच्या नियोजित वराचे वर्णन करताना तो राल्फ बेलामी या नटासारखा दिसतो असे सांगतो, आणि ती भूमिका बेलामीच करीत असतो. दुसऱ्या एका ठिकाणी वॉल्टर आर्ची लीच नावाच्या माणसाच्या वाईट शेवटाचा दाखला देतो. कॅरी ग्रँट या नटाचे जन्मनाव तेच.

पण चित्रफीत मागे नेल्यावर केवळ गंमतच हाती लागते असे नाही. फाशीच्या कैद्याचा ठावठिकाणा वार्ताहरांना कळू नये म्हणून मॉली मॅलॉय खिडकीतून उडी टाकते. वार्ताहर खिडकीशी धावतात, ती अजून हलते आहे एवढे पाहतात आणि नव्या बातमीमागे पांगतात. वॉल्टर हिल्डीला पकडून कैदी कोठे दडवला आहे एवढेच विचारतो. चित्रगृहातल्या प्रेक्षकाला विचार करायला उसंतच मिळत नाही, कारण लगेच पुढचे हसू तयार असते. घरच्या प्रेक्षकाला मात्र ही चौकट गोठवता येते. तशी ती गोठवली की ध्यानात येते, की वॉल्टरचे मोहक चापल्य आणि त्याचे निर्दय होणे यांत अंतर नाही. वेग हेच दोन्हींचे साधन आहे. लॉरा मल्व्ही यांनी २००६ मध्ये विलंबित चित्रपटाची आणि त्यातून संभवणाऱ्या चिंतनशील प्रेक्षकाची जी कल्पना मांडली, तिचे हे चांगले उदाहरण ठरेल. परंतु प्रश्न असा, की असे थांबणे हा चित्रपटाचा अन्वयार्थ झाला की त्याचा भंग? वेग हा या कृतीचा आशयच असेल, तर थांबलेला प्रेक्षक त्या आशयाच्या बाहेर उभा राहतो. येथे एवढेच म्हणता येईल, की बाहेर उभे राहण्याची गरज हिल्डीलाही पडते: कैद्याच्या मुलाखतीत ती सावकाश बोलते, तो पुरता एक प्रसंग चित्रपट आपला वेग टाकून देतो. थांबण्याची बीजे संहितेतच आहेत.

कपाटात या चित्रपटांच्या कॅसेटी शेजारी शेजारी लागल्या, याचाही परिणाम झाला. ‘द ऑफुल ट्रुथ’मधील (१९३७) ज्या कुत्र्याच्या ताब्यावरून पती-पत्नी न्यायालयात भांडतात तो आणि ‘ब्रिंगिंग अप बेबी’त डायनोसॉरचे हाड पळवणारा कुत्रा एकच. पहिल्या चित्रपटात कॅरी ग्रँटच्या पात्राला मिळालेले एक टोपणनाव दुसऱ्या चित्रपटाची नायिका तुरुंगात बसून त्याला पुन्हा चिकटवते. काही महिन्यांच्या अंतराने चित्रगृहात पाहणाऱ्याला हे धागे पुसट दिसले असतील. एका रात्रीत दोन्ही पाहणाऱ्याला ते ठळक दिसतात. आंतरसंहितात्मकता नावाची संकल्पना पुष्कळदा फार जड हाताने वापरली जाते. येथे ती एका कुत्र्याच्या पायांनी चालत येते.

या चित्रपटांवरील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे स्टॅनली कॅव्हेल यांचा १९८१ मधील ‘पर्स्यूट्स ऑफ हॅपिनेस’. चित्रपटाविषयीचे आपले १९७१ चे पुस्तक कॅव्हेल यांनी मुख्यतः स्मरणावर विसंबून लिहिले होते. येथे मात्र सात चित्रपटांचे प्रसंगागणिक वाचन आहे. त्यांचा सिद्धांत असा, की या सुखात्मिकांत प्रेमिकांचे मीलन होणे हा प्रश्न नसून, मोडलेल्या जोडप्याचे पुन्हा एकत्र येणे हा प्रश्न आहे. विवाह खरा ठरतो तो दुसऱ्यांदा निवडला गेल्यावर. या सिद्धांताचा आणि घरच्या पुनर्दर्शनाचा संबंध केवळ शाब्दिक नाही. ‘द लेडी ईव्ह’मध्ये (१९४१) चार्ल्स एकाच स्त्रीच्या प्रेमात दोनदा पडतो आणि दुसऱ्या वेळी तिला ओळखत नाही, त्याचा युक्तिवाद असा, की दोघी इतक्या सारख्या दिसतात की त्या एक असूच शकत नाहीत. त्याचा सोबती मग्सी पहिल्यापासून म्हणत असतो की ही तीच. चार्ल्स हा वाईट पुनर्दर्शक आहे, मग्सी चांगला. आणि तरीही सुख चार्ल्सच्या वाट्याला येते. प्रेस्टन स्टर्जेस यांनी ओळखण्याच्या ज्ञानाला विनोदात दुय्यम जागा दिली आहे, ही गोष्ट सर्व विनोद आधीच ठाऊक असलेल्या, कॅसेट विसाव्यांदा लावणाऱ्या प्रेक्षकाने मनात ठेवण्याजोगी आहे.

कॅव्हेल यांच्या निवडीत मात्र एक उणीव जाणवते. ज्यांत पैशाचे ओझे सर्वांत उघड आहे असे चित्रपट त्या सातांत नाहीत. स्टर्जेस यांचाच ‘द पाम बीच स्टोरी’ (१९४२) पाहा. घरभाडे थकले म्हणून पत्नी पतीला सोडते आणि शेवटी त्याच्याकडेच परतते. पुनर्विवाहाची याहून चोख कथा कोणती? याच चित्रपटाची श्रेयनामावली एका धावपळीच्या, पहिल्या खेपेस मुळीच न कळणाऱ्या प्रसंगावर चालते: कपाटात कोंडलेली, बांधलेली एक स्त्री आणि त्याच वेळी लग्नाला धावणारी तशीच दुसरी. जुळ्यांचा खुलासा अखेरच्या मिनिटांत होतो. म्हणजे चित्रपटाचा आरंभ त्याच्या शेवटानंतरच पाहता येतो. हे चित्रफितीसाठीच रचले असावे असे वाटेल, पण तसे समजण्याचे कारण नाही. त्या काळच्या अमेरिकी चित्रगृहांत खेळ अखंड चालत. प्रेक्षक मध्येच येत, शेवट पाहत, मग आरंभ पाहत, आणि आपण आलो ती जागा आली की उठून जात. तुकड्यातुकड्याने, उलट्या क्रमाने पाहणे ही घरच्या संचाने लावलेली वाईट सवय नव्हे. ‘मूळ’, अखंड, सामूहिक आस्वाद म्हणून ज्याची आठवण काढली जाते तो निदान या चित्रपटांच्या बाबतीत बराचसा कल्पित आहे, आणि बर्गसाँच्या प्रतिध्वनीचा दाखला देताना हे विसरले जाते.

समूहाचे असणे पुसून टाकता येत नाही, हेही तितकेच खरे. ‘माय मॅन गॉडफ्रे’त (१९३६) ते विशेष जाणवते. ईस्ट नदीकाठच्या उकिरड्यावर राहणाऱ्या बेकाराला श्रीमंत तरुणी एका खेळातली मिळवायची वस्तू म्हणून उचलून नेतात. मंदीच्या वर्षांतल्या चित्रगृहात या विनोदाला हसणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, याला अर्थ होता. घरी शेजारची खुर्ची रिकामी असते. २८ वर्षांनंतर स्वामित्वाधिकाराचे नूतनीकरण न झाल्याने हा चित्रपट अमेरिकेत सर्वांसाठी खुला झाला, आणि त्याच्या अस्पष्ट, करपलेल्या आवाजाच्या स्वस्त प्रती वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. त्या प्रतींत उकिरडा आणि हवेली दोन्ही सारखीच राखाडी दिसत. स्वच्छ प्रत उपलब्ध झाल्यावर हवेलीची चकाकी परत आली, आणि उकिरड्याच्या जागी उभारलेल्या रात्रीच्या क्लबचीही. ज्यांना तेथून उठावे लागले तेच आता गणवेश घालून दारे उघडतात. गॉडफ्रेने त्यांना काम दिले, हे खरे. ते चित्रपटाला पुरेसे वाटते. मग नायिका येते, आणि त्याला धड होकारही देऊ न देता उभ्या उभ्या लग्न लावून मोकळी होते. विल्यम पॉवेल आणि कॅरोल लोम्बार्ड ही दोघे प्रत्यक्षात १९३३ मध्येच घटस्फोट घेऊन बसली होती, हे ठाऊक असलेला प्रेक्षक येथे आणखी एका कारणाने हसतो. ज्याच्या हाती थांबवण्याची कळ आहे तो बहुधा ती येथेच दाबतो, आणि पॉवेलच्या गोंधळलेल्या चेहऱ्यावर होकार शोधू लागतो.