ओझ्याचे शहर

पोर्तुगाल म्हटले की आपल्याला गोवा आणि वसई आठवतात. पण ज्या गावावरून त्या देशाला नाव मिळाले, ते पोर्तो आपल्या फारसे परिचयाचे नाही. दोरू नदी अटलांटिकला मिळते तेथे, उंच चढावर हे शहर वसले आहे. समोरच्या तीरावर, गाया येथे, 'पोर्ट' या मद्याची कोठारे आहेत. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात कडक मद्यार्क घालून आंबणे थांबवितात. म्हणून त्यात गोडी उरते. प्रवासी येतात ते या गोडीसाठी. मीही गेलो. काठाशी पिंपे लादलेल्या जुन्या होड्या दिसल्या. एके काळी वरच्या खोऱ्यातून मद्य त्याच आणीत. आज त्या नुसत्या शोभेला उभ्या आहेत.

ही शोभा पाहणाऱ्याने मानुएल द ओलिव्हेरा यांचा १९३१ सालचा, दोरूकाठच्या कष्टांवरचा मूकपट अवश्य पाहावा. ओलिव्हेरा (१९०८–२०१५) याच गावचे, आणि हा त्यांचा पहिलाच पट. अवघा वीसेक मिनिटांचा. यात १८८६ साली खुला झालेला तो दुमजली लोखंडी पूल आहे, आगगाडी आहे, मासळी आहे. आणि डोक्यावर कोळशाच्या पाट्या घेऊन चालणाऱ्या बायका आहेत. पटाचा खरा विषय मद्य नव्हे, ओझे आहे.

रुट्टमान यांच्या १९२७ सालच्या बर्लिनवरील पटाचा संस्कार येथे उघड दिसतो. दिग्दर्शक लयीच्या इतका आहारी जातो की एखादा चेहरा ओळखीचा होण्याआधीच निसटतो. हा दोष मला खटकला. मात्र एक प्रसंग मुद्दाम रचलेला आहे. आकाशात विमान येते, मोटारचालक वर पाहत राहतो, मोटार बैलगाडीवर आदळते, बैल बिथरतात आणि एक माणूस त्यांच्या पायांखाली सापडतो. वास्तवाच्या पटाला हे कथेचे ठिगळ कशाला, असे कोणी विचारील. मला तर पटाचा प्राण इथेच वाटतो. नव्या यंत्राचे कौतुक करायला एकाची मान वर जाते, आणि त्याची किंमत खालचा दुसराच मोजतो.

पोर्तोचा जुना भाग १९९६ साली जागतिक वारसा ठरला. वारशात घरे आली, पूल आला. त्या पाट्या वाहणाऱ्या माना मात्र या छोट्याशा पटानेच जपून ठेवल्या आहेत.