सातवे मत

आमच्या जळगाव जामोदला दिवाळी येते ती कापसाच्या बरोबरीने. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतांतून सीतादही होऊन पहिला वेचा घरी आलेला असतो, ओसरीवर त्याचा ढीग पडलेला असतो, आणि त्याच ढिगाशेजारी लक्ष्मीपूजनाचा पाट मांडला जातो. अशा वेळी धर्म आणि अर्थ हे दोन पुरुषार्थ निराळे काढून दाखवा, असे कोणी म्हटले तर मला ते साधणार नाही. तरीपण वर्गात मात्र मी ते निराळे काढूनच शिकवीत आलो. धर्म पहिला, अर्थ दुसरा, काम तिसरा, मोक्ष चौथा. जणू देवळाच्या चार पायऱ्याच!

या पायऱ्यांविषयी मला प्रथम शंका आली ती महाभारतातील एका लहानशा प्रकरणामुळे. शांतिपर्वात ते आहे आणि षड्जगीता या नावाने ओळखले जाते. भगवद्गीतेवर मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी १९१०-११ साली गीतारहस्य लिहिले, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी प्रवचने केली; तिचे भाग्य थोर. ही धाकटी गीता मात्र मी तरी कीर्तनात कधी ऐकली नाही.

प्रसंग अगदी घरगुती आहे. भीष्म बोलायचे थांबले आहेत. युधिष्ठिर घरी येतो आणि चार भावांना व विदुराला विचारतो की धर्म, अर्थ, काम यांत थोर कोणता? विदुर धर्माचे नाव घेतो. अध्ययन, दान, क्षमा, दया, सत्य ही त्याची संपत्ती. अर्जुन म्हणतो, ही कर्मभूमी आहे. शेती, व्यापार, गुरेढोरे, कारागिरी यांवर जग चालते, आणि अर्थावाचून उरलेले दोन्ही लंगडे. नकुल-सहदेव धर्म आणि अर्थ यांची गाठ घालून देतात. भीम उठतो तो थेट कामाची बाजू घेऊन. इच्छाच नसेल तर कोण कमावील आणि कोण तप करील? पेंडीपेक्षा तेल बरे, ताकापेक्षा तूप बरे, तसा हा काम, असे तो सांगतो. सरकीची पेंड रोज पाहणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांना हा दृष्टांत समजावून द्यावा लागत नाही. शिवाय एकाच पुरुषार्थाला धरून बसणारा माणूस हलका, तिन्ही सारखेच सेवावेत, हेही भीमच सांगतो. खादाड म्हणून आपण ज्याला हसतो, त्याच्या तोंडी ग्रंथकाराने हे शहाणपण घातले आहे!

या प्रकरणाचे मोठेपण मला येथे दिसते. प्रत्येक मत बोलणाऱ्याच्या स्वभावातून आले आहे. मिळवून आणणारा अर्थ सांगतो, भुकेची जाण असलेला काम सांगतो. चार पुरुषार्थ या पायऱ्या नसून एका घरातली माणसे आहेत, असे वाटू लागते. पण शेवट मला उणा वाटतो. युधिष्ठिर मोक्षाची वाट दाखवितो, दैवाचा हवाला देतो, आणि सगळे आनंदाने हात जोडतात. राज्यासाठी एवढे युद्ध झाल्यावर हा समारोप फार सोपा झाला.

आणि त्याहून मोठी उणीव आहे. त्या घरातले एक माणूस विचारायचे राहिलेच! ज्या द्रौपदीने भर सभेत धर्माचा प्रश्न उभा केला, भीष्मांनाही ज्याचा उलगडा करता आला नाही, वनवासात जिने युधिष्ठिराशी धर्मावर वाद घातला, तिचे मत येथे कोणी घेत नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीकडे माणूस म्हणून पाहिले; तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला. षड्जगीतेत मात्र सातवे आसन मांडलेलेच नाही.

पण दुसऱ्याची उणीव दाखविण्याचा अधिकार मला कितपत आहे? गेल्या वर्षी मी नववीच्या मुलांना 'धर्म म्हणजे काय' हा निबंध घातला होता. एका मुलाने पुरुषार्थांचा उल्लेखच केला नाही. त्याने लिहिले की, वडील कर्जापायी जीव देऊन गेले. बियाण्याची उधारी कागदावर नव्हती, तरी आई दर वेच्याला थोडे थोडे पैसे दुकानदाराला नेऊन देते, आणि दिवाळीला धाकटीला नवे परकर-पोलके मात्र घेतेच. एवढेच. 'विषयाला धरून नाही' असा शेरा मारून मी त्याला दहांपैकी तीन गुण दिले.

आता वाटते, त्या बाईच्या एका फेरीत तिन्ही पुरुषार्थ होते. न लिहिलेले ऋण फेडणे हा धर्म, वेचलेला कापूस हा अर्थ, आणि पोरीच्या अंगावरचा नवा कपडा पाहण्याची हौस हा काम. कोणता थोर, हे तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या मुलाने ते लिहून आणले, तर मी त्यावर लाल शाई ओढली.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. शास्त्राचा निवाडा माझ्या हातचा नाही. पण गुण देणे माझ्या हातचे होते. तो मुलगा आता दहावीत आहे. सुट्टी संपली की ती वही मी परत मागून घेणार आहे.