मराठी वाङ्मयांतील ससा

ससा हा आपल्या वाङ्मयाचा फार जुना पाहुणा आहे. परंतु त्याचें यथायोग्य आतिथ्य आपण केलें आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. 'पंचतंत्रां'त तो धूर्त मंत्री आहे: सिंहाला विहिरींतील प्रतिबिंब दाखवून बुडवितो, हत्तींच्या राजाला तळ्यांतील चंद्राचा धाक घालतो. जातकांत तो दाता आहे. याचकाला देण्यासारखें दुसरें कांहीं नाहीं म्हणून तो आपला देहच अग्नींत टाकतो. दुसऱ्या एका जातकांत बेलफळ पडल्याच्या आवाजानें पृथ्वी फाटली असें समजून तो पळत सुटतो. इसापाच्या गोष्टींत तो गर्विष्ठ व झोंपाळू. नैयायिकांना तर तो केवळ त्याच्या नसलेल्या शिंगापुरताच हवा होता! इतक्या भूमिका त्यानें वठविल्या. पण ससा म्हणून रंगभूमीवर येण्याची संधि त्याला क्वचितच मिळाली.

रूपकाला आमचा विरोध नाहीं. रूपकानें मूळ प्राण्याला गिळून टाकावें, याला आहे. मुलांच्या पुस्तकांत ससा म्हणून जो पांढराशुभ्र, तांबड्या डोळ्यांचा प्राणी काढलेला असतो, तो आपल्या रानांतला नव्हेच. युरोपांतील बिळांत राहणाऱ्या सशाची ती माणसाळविलेली जात होय. इंग्रजींत या दोन प्राण्यांना दोन नांवें आहेत. मराठींत दोघांनाही एकच शब्द, म्हणून भाषांतरकाराच्या हातून हा घोटाळा सहज होतो. बिळांतील सशाचीं पिलें उघडीं व मिटल्या डोळ्यांचीं जन्मतात. रानसशाचीं पिलें अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात. पहिला वसाहत करून राहतो, दुसरा एकटा. पहिल्याला घर असतें, दुसऱ्याला नसतें. आणि हाच त्याच्या चरित्राचा गाभा आहे.

वऱ्हाडांतील वरवट बकालचा मुलूख घ्या. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांतील हें गांव. तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व अंबाबरव्याचें अभयारण्य; खालीं कपाशी-तुरीची काळी जमीन. रान आणि शेत यांच्या अशा सीमेवर ससा नांदतो. धुऱ्यावरील गवताच्या ठोंबाखालीं अंगाएवढा खळगा करून तो दिवसभर बसतो व दिवेलागणीनंतर चरावयास निघतो. माणूस चार पावलांवर आला तरी तो हालत नाहीं; अगदीं शेवटच्या क्षणीं उसळी घेतो व नागमोडी धांवूं लागतो. यास भित्रेपणा म्हणावयाचें कीं धैर्य? ज्याला शिंग नाहीं आणि बीळही नाहीं, त्याचें निश्चल बसणें हीच ढाल. त्याचें भय म्हणजे त्याची बुद्धिच होय. निसर्गांतील त्याचें स्थानही मोठें आहे: गवताचें मांस करून तो कोल्हा, खोकड, रानमांजर व गरुड यांस पोसतो. हे शत्रू नसते तर काय होतें, हेंही जगानें पाहिलें आहे. १८५९ सालीं ऑस्ट्रेलियांत सोडलेल्या बिळांतील सशांना आवरणारे पुरेसे शत्रू तेथें नव्हते. त्यांनीं कुरणेंच्या कुरणें फस्त केलीं.

नवल असें कीं, रानांतला ससा आपल्या कथांपेक्षां आपल्या भाषेला अधिक ठाऊक आहे. 'ससेहोलपट' हा शब्द पाहावा. पाठलागापुढें सैरावैरा धांवणारा ससा ज्यानें डोळ्यांनीं पाहिला, त्याच्याच तोंडून तो निघाला असावा. उलट 'ससेमिरा' या शब्दाशीं सशाचा कांहींएक संबंध नाहीं. विक्रमाच्या कथाचक्रांतील, मित्रद्रोहानें वेडा झालेला राजपुत्र जीं चार अक्षरें बरळत असे, तींच तीं. पहिल्यांत निरीक्षण आहे, दुसऱ्यांत केवळ ध्वनिसाम्य. आणि आमच्या बालवाङ्मयांतील ससा बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो.

निरीक्षणानें वाङ्मय रुक्ष होतें, असें कोणी म्हणेल. इंग्रज कवि कूपर यानें तीन ससे पाळले व १७८४ सालीं त्यांच्याविषयीं लिहितांना प्रत्येकाचा स्वभाव निराळा असल्याचें दाखविलें. त्यांतील एक तर अखेरपर्यंत माणसाळला नाहीं. रिचर्ड ॲडम्स यांची 'वॉटरशिप डाउन' ही १९७२ सालची कादंबरी बिळांतील सशांची. तिला लॉक्ली या निसर्गनिरीक्षकाच्या ग्रंथाचा आधार आहे. मराठींतही व्यंकटेश माडगूळकरांनीं 'सत्तांतर' मध्यें वानरांना वानर म्हणूनच वागविलें, आणि मारुती चितमपल्लींनीं रानालाच आपल्या लेखनाचें घर केलें. वाट मळलेली आहे. सशानें तिच्यावरून यावें एवढीच आमची इच्छा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याच्या शिकारीला आळा घातला. परंतु धुरे नांगरले गेले आणि गवत जळालें, तर हा बिनघरचा प्राणी बसणार कोठें? हा प्रश्न ज्या मुलांनीं पुढें विचारावयाचा, त्यांना तो प्राणीच ओळखूं येत नसेल तर त्याची कड कोण घेणार? म्हणून सुजाण पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाच्या हातीं सशाचें पुस्तक देतांना त्यांतील चित्र एकदां पाहून घ्यावें. ससा मातकट रंगाचा असेल आणि गवतांत बसलेला असेल, तर पुस्तक खुशाल घ्यावें.