ग्लॅडिओलसचे चित्र आणि सड्यावरची दीपकाडी

जुलै महिन्यात रत्नागिरीजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसण्याचा योग आला. विषय होता खोडाची रूपांतरे. बाईंनी फळ्यावर चार सुबक आकृत्या काढल्या: आले, बटाटा, कांदा आणि ग्लॅडिओलस. पहिल्या तिन्ही वस्तू मुलांनी लगेच ओळखल्या. चौथीपाशी वर्ग गप्प झाला. एका मुलीने विचारले, "बाई, हा कुठं मिळतो?" बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले, "याचं फूल मी लग्नाच्या स्टेजवर पाहिलंय गं. कंद मीसुद्धा नाही पाहिलेला." शाळेच्या गडग्यापलीकडे सडा सुरू होत होता आणि त्यावर त्याच दिवसांत दीपकाडीची पांढरी फुले उमलली होती.

यात बाईंचा दोष नाही. ही आकृती पुस्तकातून मार्गदर्शकात, मार्गदर्शकातून वहीत अशी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या एका आकृतीचे परीक्षण करावे, असे त्या दिवशी मनात आले.

प्रथम तिची जमेची बाजू. दृढकंद, म्हणजे कॉर्म, समजावण्यासाठी ग्लॅडिओलस हे उदाहरण शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. दृढकंद हे फुगलेले, भरीव, उभे खोड असते. त्यावर पेरांच्या खुणा वर्तुळाकार दिसतात, टोकाला कळी असते आणि भोवती वाळलेल्या पानांच्या तळांचे धागेदार आवरण असते. मधोमध कापला तर कांद्यासारखे पापुद्रे सुटत नाहीत. आत सगळा गर एकसंध असतो. आकृतीत हे सारे असते. मग तक्रार कशाबद्दल?

तक्रार अशी की या आकृतीत काळ नाही. खाली 'अन्नसाठा करणारे खोड' एवढीच ओळ असते, आणि मुलाला वाटते की कंद म्हणजे जमिनीत ठेवलेली कणगी. प्रत्यक्षात ग्लॅडिओलसचा कंद दरवर्षी नवा असतो. हंगामाच्या सुरुवातीला टोकाची कळी जुन्या कंदातील अन्नावर वाढते. पाने उघडतात, फुलांचा दांडा वर येतो. त्याच वेळी नव्या कोंबाचा तळ फुगू लागतो आणि जुन्या कंदाच्या डोक्यावर नवा कंद तयार होतो. जुना आक्रसत जाऊन त्याची चपटी, सुकलेली चकती उरते. दरवर्षी एक मजला वर चढत गेले तर कंद लवकरच उघड्यावर पडेल. तसे होऊ नये म्हणून नव्या कंदाच्या तळाशी काही जाड मुळे फुटतात. ही मुळे आखडतात आणि कंदाला खाली ओढून घेतात. शिवाय दोन्ही कंदांच्या सांध्याजवळ बारीक पिल्लेही धरतात. आजी, आई आणि लेकरे एकाच वेळी दाखवणारी ही रचना आहे. आपल्या आकृतीत मात्र स्वच्छ धुतलेला एकच कंद पांढऱ्या कागदावर तरंगत असतो. त्याच्याभोवती माती नाही, खोली नाही, खाली मागच्या वर्षाची चकतीही नाही.

हा खटाटोप वनस्पती का करते, हे कळायला बागेतला ग्लॅडिओलस सोडून रानातल्याकडे जावे लागते. ग्लॅडिओलसच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून जास्त दक्षिण आफ्रिकेतल्या. फुलवाल्याकडे मिळतो तो संकरित. १८४१ साली बेल्जियममधील गेंट शहरातल्या व्हान हूट यांच्या रोपवाटिकेने बाजारात आणलेला 'गांडाव्हेन्सिस' हा त्याच्या प्रमुख पूर्वजांपैकी एक, आणि त्याच्यामागे आहेत आफ्रिकेतल्या रानटी जाती. त्यांपैकी 'डालेनाय' ही जात लाल-नारिंगी फुलांची असून तिच्याकडे सूर्यपक्षी येतात. 'ट्रिस्टिस' फिकट रंगाची असते, संध्याकाळी सुगंध सोडते आणि पतंगांना बोलावते. 'लिलिएशियस' तर दिवसा तपकिरी असते आणि संध्याकाळी निळसर जांभळी होते. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथल्या जाती उन्हाळाभर जमिनीखाली राहतात. पूर्वेकडे पाऊस उन्हाळ्यात असतो. तिथल्या जाती हिवाळ्यात झोपतात. म्हणजे कंद हा पावसाच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे. कोरडा काळ टाळण्याची ही युक्ती आहे, आणि अन्नसाठा हे तिचे साधन.

कोकणात ग्लॅडिओलसची एकही रानटी जात नाही. पण त्याच्यापुढचा प्रश्न मात्र आपल्या दारात आहे. रत्नागिरीचे सडे जांभ्याचे. या खडकाला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारातील नमुन्यांवरून दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने कातळ तापत राहतो. मातीचा थर कुठे चार बोटे, कुठे खळग्यात वीतभर. अशा ठिकाणी झाडाला पाळेमुळे खोल नेता येत नाहीत. तेथे तगून राहण्याचा एक मार्ग म्हणजे पावसाळ्यात झटपट जगून घेणे आणि बाकीचे वर्ष मातीखाली काढणे.

दीपकाडी नेमके हेच करते. पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत तिची अरुंद पाने आणि फुलांचा दांडा वर येतो. फुले पांढरी, सहा परिदलांची; परिदले तळाशी जुळून नळी झालेली. निकोल अलेक्झांडर डॅलझेल यांनी १८५० साली या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिला 'कोकणची' या अर्थाचे जातिनाम दिले. आजचे तिचे नाव 'डिपकॅडी कोंकनेन्स'. पश्चिम भारताबाहेर जगात कोठेही ती आपणहून वाढत नाही. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशातही ती आहे. जिच्या नावातच कोकण आहे ती वनस्पती कोकणातल्या मुलाच्या वहीत मात्र नाही. ('दीपकाडी' हा शब्द अस्सल मराठी वाटतो, पण 'डिपकॅडी' या प्रजातिनामाशी त्याचे साम्य उघड आहे. प्रजातीला ते नाव अठराव्या शतकात युरोपात मिळाले.)

येथे एक घाई टाळली पाहिजे. ग्लॅडिओलस पुसून त्याच जागी दीपकाडी काढली तर चूक होईल, कारण दीपकाडीचा कंद दृढकंद नसतो. तो कांद्याच्या जातीचा असतो. त्यात खरे खोड म्हणजे तळाची लहानशी चकती आणि गर म्हणजे पानांचे मांसल तळ. फुलांतही फरक आहे. ग्लॅडिओलसला तीन पुंकेसर असतात आणि किंजपुट परिदलांच्या खाली असतो. दीपकाडीला सहा पुंकेसर असतात आणि किंजपुट वर असतो. जुन्या पुस्तकांत तिचे कुल 'लिलिएसी' लिहिलेले आढळेल. २००९ सालच्या वर्गीकरणानंतर ती शतावरीच्या कुलात मोडते. दोन वेगळ्या कुलांतल्या वनस्पतींनी एकाच अडचणीवर दोन वेगळ्या अवयवांतून तोड काढली. हा धडा कोणत्याही व्याख्येपेक्षा मोठा आहे. आपल्या भाषेत रताळे, बटाटा, कांदा, सुरण या सगळ्यांना सरसकट 'कंद' म्हणण्याची सोय आहे. पण रताळे हे मूळ, बटाटा आणि सुरण ही खोडे, आणि कांदा मुख्यतः पाने! 'यातले खोड कोणते?' हा प्रश्न विचारल्याशिवाय हा पाठ सुरूच होऊ नये.

मग दृढकंदासाठी काय दाखवावे? उत्तर कोकणातल्या घराघरांच्या परड्यात आहे: सुरण. त्याचा गर भरीव असतो, टोकाला डोळा असतो. विशेष म्हणजे ग्लॅडिओलसप्रमाणेच त्याचाही जुना कंद कोंबाला पोसून आक्रसतो आणि वर नवा कंद तयार होतो. श्रावण-भाद्रपदात वाढीला लागलेला एखादा सुरण अलगद उकरला तर दोन्ही पिढ्या एकत्र पाहता येतील. हाताला खाज येईल हे खरे. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक त्याला कारण आहेत, आणि आपला कंद जनावरांपासून राखण्याची ती वनस्पतीची तजवीज आहे. तेव्हा हातमोजे घाला आणि हाच पाठाचा पुढचा मुद्दा करा. पहिल्या पावसात बाजारात येणारी शेवळे ही सुरणाचीच रानटी भावंडे. शेवळांच्या भाजीत काकडाची फळे का घालतात, हे आजीला विचारून यायला सांगा.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला परीक्षेचा: उत्तरपत्रिकेत ग्लॅडिओलसच अपेक्षित असला तर? तर त्याचे नाव जरूर शिकवावे, पण ज्याने सुरण कापून पाहिला आहे त्याला ते नाव पाठ करायला मिनिटभर लागेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उत्साहाच्या भरात पन्नास मुलांनी दीपकाडीचे पन्नास कंद उपटले तर? म्हणून नियम सोपा ठेवावा. कापायचे ते परड्यातले आणि बाजारातले. सड्यावरचे फक्त पाहायचे, मोजायचे आणि लिहायचे.

हे सारे एका आकृतीसाठी इतके ताणायचे कारण सांगतो. सडा वर्षातले आठ महिने काळा, उघडा दिसतो, आणि सरकारी भाषेत अशी जमीन 'पडीक' ठरते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही 'ओसाड खडकाळ' असा वर्ग आहे. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली. त्या काळापासून कोकणात आंब्या-काजूच्या बागा वाढल्या, कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले गेले, आणि अनेक कुटुंबांच्या हाती पैसा आला. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण बाग, चिरेखाण किंवा कारखाना यांचा निर्णय ग्रामसभेत होतो, तेव्हा हात वर करणारा माणूस कधीतरी आपल्याच वर्गात बसलेला असतो. सड्याखाली काहीच नाही, असे तो मानत असेल तर ते त्याला कोणी शिकवले? सड्यावरची एकही आकृती न काढून ते आपणच शिकवले आहे.

पुढच्या जूनमध्ये एवढे करून पाहा. शाळेजवळच्या सड्यावर दोरीने एक मीटर लांबीरुंदीचे पाच चौकोन आखा. पहिला पाऊस कधी पडला, पहिले पान कधी दिसले, पहिले फूल कधी उमलले, गणपतीपर्यंत बोंडे धरली का, शेवटचे पान कधी वाळले, याच्या तारखा लिहा. मार्चमध्ये मुलांना पुन्हा त्याच चौकोनापाशी न्या. समोर कोरडा कातळ असेल. 'इथे काय आहे?' असे विचारा आणि वहीतील नोंदी पाहून उत्तर द्यायला सांगा. ती वही जपून ठेवा; पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती लागेल.