फिरिश्ता आणि हरपलेली तवारीख

बहमनी राज्याविषयी लिहिणारे बहुधा फिरिश्त्यापाशी येऊन थांबतात. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने १६०६-०७ च्या सुमारास त्याने आपला ग्रंथ सिद्ध केला. परंतु चौदाव्या शतकाविषयी तो बोलतो, तेव्हा त्यामागे मुल्ला दाऊद बिदरीची ‘तुहफत-उस्-सलातीन’ उभी असते, आणि ती आज उपलब्ध नाही. दाऊद बालवयातच पहिल्या महंमदशहाच्या सेवेत होता, हेही आपणांस फिरिश्ताच सांगतो.

आमच्या मते वाचकाने येथेच सावध व्हावे. आधारांची नावे देणे हा फिरिश्त्याचा मोठा गुण होय. तथापि दाऊदचे शब्द कोठे संपतात, हे ताडण्यास मूळ पोथीच नाही. हसन गंगूच्या ब्राह्मण धन्याची कथा फिरिश्ता रंगवून सांगतो. अहमदनगरचा समकालीन तबातबाई मात्र हसनची वंशावळ इराणच्या बहमनापर्यंत नेतो. रणांगणातील मृतांचे लाखांचे आकडेही असेच पारखून घ्यावेत. म्हणून फिरिश्त्यास टाकून देणे मात्र आत्मघातकी ठरेल. दाऊदचे जे काही उरले, ते त्याच्याच पानांत.

महमूद गावानने १४७२ च्या सुमारास बेळगावचा किल्ला घेतला, ती फिरिश्त्याची हकीकतही शतकाहून अधिक काळानंतर लिहिलेली आहे.

बेळगाव-निपाणीकडील आमच्या जुन्या घराण्यांतही मोडी दप्तरे माळ्यावर पडून आहेत. ती वाचून, नकलून ठेवली नाहीत, तर पुढील पिढीपाशी ‘आजोबा सांगत’ एवढाच आधार उरेल.